वजा दहा

खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज तिसऱ्यांदा परत सरकवला तेव्हा अकरा वाजून गेले होते. परवाना कार्यालयाच्या आवारात आम्ही सात-आठ जण पत्र्याच्या छपराखाली उभे होतो आणि पत्रा असा तापला होता की डोक्यावर कुणी तवा धरल्यासारखं वाटत होतं.

"नमुना सहा जोडलेला नाही," बाई म्हणाल्या.

"त्यात काय असतं?"

"पर्यवेक्षक बदलताय ना? मग आधीच्या पर्यवेक्षकांची संमती. सहीसकट."

"ते वारले. म्हणून तर बदलतेय."

"हो, मागच्या खेपेलाही तुम्ही हेच सांगितलं होतं."

"तेव्हापासून त्यांच्यात काही फरक पडलेला नाही."

माझ्या मागे उभा असलेला माणूस हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मृत्यूचा दाखला उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, जणू संमती तिथे लिहिलेली असेल. "हा दाखला परवाना परत करायला लागतो. तो नमुना नऊ. त्याचं वेगळं. हे वेगळं."

घरांच्या, जमिनींच्या किमती काढण्याचा परवाना हवा असेल तर दोन गोष्टी लागतात. एक परीक्षा. ती मी दोन वर्षांपूर्वी पास झाले. दुसरी नोंदवही. परवाना असलेल्या माणसाच्या हाताखाली शंभर मालमत्ता मोजायच्या, त्यांची किंमत काढायची आणि प्रत्येक नोंदीपुढे त्याची सही घ्यायची. माझ्या वहीत एक्क्याण्णव नोंदी होत्या आणि एक्क्याण्णव सह्या अप्पांच्या. ब्याण्णवाव्या घराला आम्ही निघणार होतो त्या सकाळी ते अंथरुणातून उठले नाहीत. त्याला चार महिने झाले होते. बाकी राहिलेल्या नऊ नोंदींसाठी मला दुसरा माणूस हवा होता, आणि माणूस बदलायला अप्पांची सही हवी होती.

शेवटी आतले साहेब बाहेर आले, तेही केवळ माझ्या मागच्या लोकांनी आरडाओरडा केला म्हणून. त्यांनी उभ्याउभ्या मार्ग काढला. नवा पर्यवेक्षक घ्या. तुमच्या जुन्या नोंदींपैकी कोणत्याही तीन तो पुन्हा मोजेल. तिन्ही जुळल्या तर एक्क्याण्णव सह्या ग्राह्य धरू, पुढच्या नऊ करा आणि परवाना घेऊन जा.

"आणि नाही जुळल्या तर?"

"का नाही जुळणार?" साहेब म्हणाले आणि आत गेले.

बाईंनी माझी वही ओढून घेतली, पानं फडफडवली आणि पेन्सिलने तीन टिंबं दिली. सात, बत्तीस, अडुसष्ट.

*

घरी आले तर आई नळाखाली बादली लावून बसली होती. पाणी दोन दिवसांआड येत होतं, तेही करंगळीएवढं. बादली भरायला पाऊण तास लागायचा आणि तो पाऊण तास आई नळाकडे असं बघत बसायची की नळालाच लाज वाटावी.

"दिला का कागद?"

"तीन घरं पुन्हा मोजायला सांगितलीत."

"पुन्हा? का? पहिल्यांदा मोजली तेव्हा काय डोळे मिटून मोजली होती?" तिने बादली जराशी सरकवली. "जन्मभर गावोगावची घरं मोजत हिंडला माणूस. स्वतःच्या न्हाणीचं दार आजवर लागलं नाही त्याच्याच्याने."

अप्पा गेल्यापासून आई त्यांच्याबद्दल याच आवाजात बोलते. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटतं, ती रागावली आहे. रागावलेलीच आहे.

पुढच्या खोलीत, जिला आम्ही ऑफिस म्हणायचो, अप्पांची टेप खिळ्याला लटकत होती. तीस मीटरची पोलादी टेप, चामड्याच्या गोल डबीत, डबीचा रंग अप्पांच्या हाताने काळा झालेला. पंचक्रोशीत त्यांना 'टेपवाले'च म्हणत. टेपेचं पहिलं टोक मात्र नव्हतं. सहा वर्षांपूर्वी एका कोंबड्यांच्या शेडचं लोखंडी फाटक वाऱ्याने आपटलं आणि पहिले दहा सेंटिमीटर त्यात कापले गेले. नवी टेप घ्या म्हणून मी किती वेळा सांगितलं असेल!

"दहा सेंटिमीटरसाठी तीस मीटर फेकून देऊ?" अप्पा म्हणायचे. "वजा दहा करायचे. तुला वजाबाकी येत नाही का?"

तेव्हापासून आमचं मोजणं असं चालायचं. तुटकं टोक मी भिंतीला दाबून धरायची, दुसऱ्या हातात लिहायची फळी. अप्पा समोरच्या भिंतीपाशी डबी टेकवून आकडा वाचायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "वाचले चारशे दहा. लिही चारशे." मी चारशे लिहायची. पुढची भिंत. दिवसाला कधी तीस भिंती, कधी साठ. गुरांचे गोठे, पिठाची गिरणी, माडी चढवायची राहून गेलेली घरं. माझ्या डाव्या हाताच्या अंगठ्याला टेपेच्या कापलेल्या कडेने घट्टा पडला आहे. तो अजून गेलेला नाही.

*

परवाना असलेला दुसरा माणूस आमच्या भागात एकच. अप्पा त्यांना 'पाटीवाले' म्हणायचे, कारण त्यांच्या दारावरची नावाची पाटी दारापेक्षा रुंद होती. वीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या कामात चुका काढल्या आणि लग्नकार्यात शेजारी बसून जेवले.

"टेपवाल्याची मुलगी माझ्याकडे!" पाटीवाले गुडघ्याला कसलंसं तेल चोळत बसले होते. "वरून बघत असेल तर त्याला ठसका लागेल."

"काका, तीन घरं मोजायची आहेत. मग आणखी नऊ."

"मी सकाळीच मोजतो. उन्हात पोलाद वाढतं. तुझा बाप भर दुपारी मोजायचा."

"किती वाढतं?"

"केसभर."

"मग?"

"केसभर ते केसभर," ते म्हणाले. "आणि टेप माझी वापरायची. ती थोटी टेप माझ्यासमोर आणायची नाही. त्या टेपेने मोजणं म्हणजे दात पडलेल्या माणसाकडून ऊस सोलून घेणं."

मी हो म्हटलं. मला नऊ सह्या हव्या होत्या. अप्पांच्या परवान्यावर चालणारं काम चार महिने बंद होतं. बँकेचे कागद आता पाटीवाल्यांकडे जायचे. ऑफिसची खोली कुणा पशुवैद्याला भाड्याने द्यावी असं आईने दोनदा सुचवलं होतं. परवाना मिळाला की बाहेरच्या फळीवर अप्पांच्या जागी माझं नाव येणार होतं, आणि खिळ्यावरची टेप खिळ्यावरच राहणार होती. मला याहून जास्त काही नको होतं.

सातवं घर म्हणजे सुतारशाळा. साडेसहाला पोचलो तरी पाटीवाले घामाने भिजले होते. त्यांनी पिशवीतून नवी टेप काढली, पांढऱ्या रुमालाने पुसली. प्रत्येक भिंतीनंतर पुन्हा पुसली. चौदा भिंतींना चौदा वेळा. सुतार दारात उभा राहून म्हणाला, "काका, मोजताय की लोण्याचा गोळा उचलताय?"

चौदाच्या चौदा भिंती जुळल्या. पाटीवाल्यांना जरा वाईटच वाटलं असावं.

बत्तिसावी नोंद दूध गोळा करायच्या केंद्राची. तीही जुळली. "तुझ्या बापाला बाकी काही नाही तरी वजाबाकी येत होती," परतताना ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही स्तुतीच होती. मी मोटारसायकल सावकाश चालवत होते, कारण प्रत्येक खड्ड्याला मागून त्यांचा गुडघा बोलायचा.

*

अडुसष्टावं घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचं होतं. कालव्याच्या रुंदीकरणात त्यांच्या पाच खोल्या जाणार होत्या आणि भरपाई ठरवण्यासाठी मागच्या वर्षी अप्पांनी आणि मी त्या मोजल्या होत्या. वाटप अजून झालेलं नव्हतं. मी त्यांना मावशी म्हणायची, कारण माझ्या शाळेचे गणवेश त्यांनीच शिवले होते.

आम्हाला बघून मावशींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"आलात? आता? वर्ष झालं मी बोंबलतेय."

"कशाबद्दल, बाई?" पाटीवाल्यांनी विचारलं.

"माझं घर लहान केलंय कागदावर. आधी मोजा, मग बोलू."

पाटीवाल्यांनी डबी समोरच्या भिंतीला लावली. मी नव्या टेपेचं टोक धरलं. अंगठा सवयीने कापलेली कड शोधत होता.

"तीनशे," पाटीवाले म्हणाले. "वहीत?"

मी वहीत पाहिलं. "दोनशे नव्वद."

"नीट धर."

"धरलंय."

त्यांनी पुन्हा मोजलं. तीनशे. दुसरी भिंत तीनशे चाळीस, वहीत तीनशे तीस. दुसरी खोली, तिसरी खोली. मी वहीतला आकडा सांगण्याआधीच ते पुटपुटायला लागले, "आणि वहीत दहा कमी." प्रत्येक भिंत दहा कमी होती. चुका कधी अशा रांगेत उभ्या राहत नाहीत.

मावशी उठल्या. मशीनच्या मागे टांगलेलं कापड त्यांनी बाजूला केलं. भिंतीवर शिवणाच्या खडूने आकडे लिहिले होते. ३००, ३४०. त्याच्या खाली बाकी खोल्यांचे. पाचही खोल्यांचे आकडे पाटीवाल्यांनी आता मोजले तेच होते.

"माझ्या टेपेने मोजलंय," मावशी म्हणाल्या. "तीस वर्षांत एका बाहीला कमी कापड पडलं नाही माझ्या. पाच खोल्यांना कसं पडेल? मी तुझ्या वडिलांना तेव्हाच बोलावून दाखवलं होतं. म्हटलं, टेपवाले, माझी आख्खी न्हाणी कुठे गेली?"

"अप्पा आले होते? कधी?"

"तू बँकेचे कागद आणायला गेली होतीस. एकटे आले, धापा टाकत. इथे, याच स्टुलावर बसले. पाणी प्यायले. मी आकडे दाखवले तर हसले. म्हणाले, तुमची टेप कापडाची, ताणली जाते. मी म्हटलं, अहो, पण मोजून तर बघा. तर म्हणाले, लिहिणारी माझी मुलगी आहे. ती चुकत नाही."

पाटीवाले टेप गुंडाळत होते. टेपेचं चाक करकरत होतं.

"टेप थोटी होती," ते शेवटी म्हणाले. "दोनदा वजा केलंय कुणीतरी. एकदा वाचतानाच आणि एकदा लिहिताना." मग माझ्याकडे न बघता, "म्हातारा आधीच वजा करून सांगत असेल आणि पुन्हा 'लिही' म्हणताना आणखी दहा कमी करत असेल. आजारी माणूस. होतं असं."

मी वही मिटली आणि बाहेर आले.

बाहेर मोटारसायकलची सीट तापून बसण्यासारखी उरली नव्हती. पाटीवाल्यांनी आपला रुमाल तिच्यावर अंथरला आणि त्यावर बसले. "हे बघ पोरी. मी लिहितो, या एका घराच्या मोजणीत दिवंगत पर्यवेक्षकांकडून चूक झाली. त्या दिवशी त्यांची तब्येत बरी नव्हती. बाईंची दुरुस्ती होईल, त्यांचं नुकसान टळेल. एक नोंद रद्द. तुला नऊऐवजी दहा करायच्या. तुझी वही चालू राहील. त्याला आता कोण विचारायला जातंय?"

"विचार करून सांगते."

"यात विचार काय करायचाय?" ते चिडले. "मी काय रोज असा चांगुलपणा करतो?"

*

मला विचार करायचा नव्हता. मला आठवायचं होतं, आणि ते मी चार मैल मोटारसायकलवर आठवत आले.

एक्कावन्नावी नोंद. निवृत्त मास्तरांचं घर. त्या दिवशी अप्पांच्या अंगात ताप होता, तरी हट्टाने आले होते. पहिली खोली. मी टोक धरलं. अप्पा म्हणाले, "चारशे दहा," आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मास्तरांच्या खोलीत फरशा होत्या, एकेक चाळीस सेंटिमीटरची. मी उभ्याउभ्या मोजल्या. दहा फरशा. म्हणजे चारशे. अप्पा वजा करायला विसरले, मला वाटलं. मी फळीवर चारशे लिहिलं आणि काही न बोलता पुढच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिले.

त्यानंतर अप्पा एकच आकडा सांगायला लागले. 'वाचले' आणि 'लिही' दोन्ही म्हणण्याइतका श्वास त्यांच्याकडे उरला नव्हता. मी समजले, ते नुसतं वाचलेलं सांगतात, वजाबाकी आता त्यांच्याच्याने होत नाही. मग मीच मनातल्या मनात करायला लागले. त्यांना कळू नये म्हणून फळी छातीशी धरून. मला वाटायचं, मी किती सांभाळून घेतेय. मास्तरांच्या घरानंतर बहुतेक घरांत फरशा नव्हत्या. ताडून बघावं असं कधी मनात आलंच नाही.

एक प्रश्न विचारायला किती श्वास लागला असता? माझा श्वास तर शाबूत होता.

घरी आई स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होती. चुलीवर काही नव्हतं. ती एका छोट्या डायरीत पेन्सिलने काही टिपत होती. ती डायरी चार महिने डब्यांच्या फळीखालच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलेली होती. पाणी कोणत्या दिवशी आलं, किती वाजता आलं, किती बादल्या, हे आई तिच्यात लिहायची. मी तिला दर वेळी तसं लिहिताना बघायची आणि दर वेळी जरा वैतागायची, कारण त्यावरून ती नळवाल्याशी भांडायची.

"ही डायरी कुणाची?"

"त्यांची. शर्टाच्या खिशात असायची ना. मागची पानं कोरी होती. वाया कशाला घालवायची?"

मी दोरा तोडला.

"अगं! आज चार बादल्या लिहायच्यात माझ्या."

पुढची पानं अप्पांची होती. बारीक, उजवीकडे कललेले आकडे. भिंत मोजून झाली की अप्पा भिंतीला टेकून उभे राहायचे आणि खिशातून काहीतरी काढायचे. मी समजायची, श्वास जमवतात आणि घरमालकाचं नावबिव टिपतात. ते नाव टिपत नव्हते. प्रत्येक घराची प्रत्येक भिंत त्या डायरीत होती. वर नोंदीचा क्रमांक. मी नोंदवही शेजारी उघडली आणि बसले.

अडुसष्ट. ३००, ३४०. मावशींच्या खडूचे आकडे. माझ्या वहीत २९०, ३३०.

एकोणसत्तर, सत्तर, एकाहत्तर. सगळीकडे अप्पांचे आकडे माझ्यापेक्षा दहाने जास्त. आकडा सांगण्याआधी ते दर वेळी वजाबाकी करत होते, धाप लागली असताना, ताप असताना, शेवटच्या आठवड्यातसुद्धा. मग मी त्यातून पुन्हा दहा काढत होते. एक्कावन्नपासून एक्क्याण्णवपर्यंत. एक्केचाळीस घरं. अहवालावर सही करताना त्यांनी आपली डायरी आणि माझी वही कधी ताडून पाहिली नाही. मावशींनी सांगूनसुद्धा पाहिली नाही.

शेवटी मी मास्तरांच्या घराचं पान काढलं. पहिली खोली, पहिली भिंत. मला खात्री होती की निदान तिथे तरी ४१० असेल. त्या एका दिवशी तरी ते विसरले असतील.

४००.

ते विसरले नव्हते. ते "लिही चारशे" म्हणणार होते. मध्ये खोकला आला आणि मी थांबले नाही.

"काय झालं?" आईने विचारलं.

मी तिला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. पदराच्या टोकाने ओटा पुसला, कोरडाच होता, तरी पुसला.

"दोघंही सारखेच," ती म्हणाली. "तो तुझं लिहिलेलं बघणार नाही, तू त्याला विचारणार नाहीस. बारा तास एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत एकमेकांना टेपेने बांधलेले, आणि बोलायला तोंड नाही. मला सांगायचंत. मी विचारलं असतं ओरडून."

मग तिने माझ्या हातातली डायरी घेतली, मागचं पान काढलं आणि उरलेल्या चार बादल्या लिहिल्या.

*

"एक्केचाळीस!" पाटीवाले खुर्चीतून उठायला गेले आणि गुडघा धरून परत बसले. "मी एका घराचं लिहायला तयार होतो. एका!"

"बाकीची चाळीस घरंही दहाने कमी आहेत, काका."

"ते तुला कळलं. कुणी विचारलं होतं?"

"मावशींनी विचारलं होतं."

"आणि चूक तुझी म्हणून लिहून देणार? वेडी आहेस का? शिकाऊ माणसाची चूक म्हटली की त्या सगळ्या नोंदी गेल्या. पन्नास उरतील. अर्धी वही! बापावर घातली तर तुझं काही जात नाही. तोही तिकडून काही म्हणणार नाही."

"म्हणणार नाही, म्हणूनच."

पाटीवाल्यांनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. "वीस वर्षं मी त्या माणसाची एक चूक शोधत होतो," ते म्हणाले. "आता सापडली, तर तू म्हणतेस ती त्याची नव्हेच."

मी नोंदवही मिटून पिशवीत घातली.

"पन्नास घरं मी या गुडघ्याने हिंडायची?"

"मोटारसायकल मी चालवीन."

"ती तू कशी चालवतेस ते पाहिलंय मी."

दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी माझा जबाब दोनदा वाचला. डायरीच्या पानांच्या प्रती मोजल्या. "हे कशाला आणलंत?"

"तिसरी नोंद जुळली नाही. का जुळली नाही ते लिहिलंय."

"पण न जुळण्याचं कारण 'दिवंगत पर्यवेक्षकांची चूक' असेल तर रकाना आहे. 'शिकाऊ उमेदवाराची चूक' याला नमुन्यात रकानाच नाही. असं कुणी लिहून देत नाही."

"मग समासात लिहा."

"समासात लिहिलेलं साहेब वाचत नाहीत."

"मी थांबते. त्यांना वाचून दाखवते."

मी अडीच तास थांबले. साहेबांनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, एक्कावन्न ते एक्क्याण्णव रद्द, एक्केचाळीस अहवाल दुरुस्त करून पाठवा, घरमालकांना कळवा. वही पुढे चालू. मग थांबून विचारलं, "टेपवाल्यांचीच मुलगी ना तुम्ही? ते फार अचूक होते."

"हो," मी म्हटलं. "होते."

बाईंनी एक्केचाळीस ओळींवर तांबडी रेघ मारली. पट्टी लावून, सावकाश, प्रत्येक ओळीवर वेगळी. मला वाटलं होतं, अप्पांच्या सह्यांवरून रेघ जाताना मी दुसरीकडे बघेन. मी बघत राहिले. एका ठिकाणी पट्टी सरकली आणि रेघ वाकडी गेली. बाई "च्" म्हणाल्या आणि ती खोडून पुन्हा मारली.

*

नव्या एक्कावन्नाव्या नोंदीसाठी आम्ही मावशींच्याच घरी गेलो. सकाळचे साडेसहा. तरी वारा आत्तापासूनच गरम होता आणि कालव्याच्या बाजूने धूळ येत होती. मावशींनी कापडाचे गठ्ठे आधीच भिंतींपासून सरकवून ठेवले होते.

"या वेळी कमी आलं तर मीच मोजणीचं दुकान काढते," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला परवाना लागेल," पाटीवाले म्हणाले.

"मिळेल की. शंभर सदरे मोजून दाखवते त्या खिडकीतल्या बाईला."

मी टोक घेऊन भिंतीशी गेले. नवं टोक गुळगुळीत होतं, त्याला छोटा पितळी आकडा होता. मी तो भिंतीला दाबला, दुसऱ्या हातात फळी धरली. पाटीवाल्यांनी टेप पुसली, समोर जाऊन डबी टेकवली, चष्मा कपाळावर चढवला.

"तीनशे."

मी पेन्सिल टेकवली आणि उचलली.

"वाचलेले की लिहायचे?"

"काय?"

"तीनशे हे वाचलेले की लिहायचे?"

पाटीवाल्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं. "अगं बाई, आख्खी टेप आहे. नवी कोरी. हिच्यात दोन आकडे कुठून येणार?"

"तरी सांगा."

"प्रत्येक भिंतीला हेच विचारणार आहेस?"

"हो."

"पन्नास घरं?"

"हो."

मावशींचं मशीन थांबलं होतं. पाटीवाल्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, छताकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला. मला वाटलं, आता टेप सोडून घरी जातील.

"वाचले तीनशे," ते म्हणाले. "लिही तीनशे."

मी लिहिलं.